प्रमुख सोयरे

बावीस वर्षं. सलग बावीस वर्षं आमच्या कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वागताचं भाषण मी केलं, आणि तेविसाव्या वर्षी, म्हणजे नेमकं मी निवृत्त व्हायच्या वर्षी, ते मिळालं कोणाला? भाग्यलक्ष्मीला! मीच शिकवलेल्या मुलीला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते काही उगाच नाही.

मी जानकी परब. गाव पेडण्यातलं हळर्ण, नोकरी डिचोलीच्या कॉलेजात, विषय मराठी. आमच्याकडे समारंभाचं सूत्रसंचालन इंग्रजीत, अध्यक्षांचं भाषण इंग्रजीत, आभारसुद्धा इंग्रजीत. फक्त स्वागत मराठीत. कारण खाली बसलेले असतात आईबाप. कोणी खाणीवर ट्रक चालवणारा, कोणी भाजीचा मळा सोडून नेसत्या साडीवर आलेली. त्यांना निदान पहिली पाच मिनिटं तरी कळावीत, म्हणून मी भांडून हा पायंडा पाडला. तेव्हा भाषण करायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून मीच उभी राहिले. ती उभीच.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या पाच मिनिटांत? तर ऐका. माझ्या वडिलांकडे गावच्या मांडावर गाऱ्हाणं घालायचा मान होता. देवासमोर नारळ ठेवून सगळ्या गावासाठी मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं 'व्हय महाराजा' म्हणायचं. एका शिमग्याला गावकऱ्यांनी तो मान दुसऱ्या घराला दिला. वडील त्यानंतर सात वर्षं देवळाची पायरी चढले नाहीत. आई म्हणायची, "अहो, देव काय त्यांचा एकट्यांचा?" वडील म्हणायचे, "देव सगळ्यांचा गो, पण नारळ माझा होता." मी त्यांचीच लेक. आता कळलं?

डिसेंबरात प्राचार्य गोकुळदासांनी मला बोलावलं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणूस, पण खुर्चीत बसला की वय वाढतं.

"मॅडम, यंदा तुम्ही जरा आराम करा," ते म्हणाले. "स्वागत भाग्यलक्ष्मी करेल. नवीन आवाज हवा, असं मॅनेजमेंटचं म्हणणं."

"ती इंग्रजी शिकवते," मी म्हटलं.

"पण मराठी बोलते ना! नार्वे गावची आहे."

"सर, मी जूनमध्ये जाणार. हे शेवटचं."

"म्हणूनच तर म्हणतो, पुढच्या रांगेत बसा. मजेत बघा."

मजेत! अंगाचा तिळपापड झाला. पण बोलून चूक दाखवावी अशी एकही फट त्यांच्या बोलण्यात नव्हती. सगळं गोड. मी "बरं" म्हणून बाहेर आले आणि स्टाफरूमच्या जनेलाशी जाऊन खिडकीबाहेर बघत उभी राहिले. खाणी बंद होऊन वर्ष झालं होतं, रस्त्यावर ट्रकांची रांग नव्हती. मला मात्र धूळ डोळ्यांत गेल्यासारखं होत होतं. धूळ कसली? रडू येत होतं मला. सांगायला लाज कसली.

कारण त्या भाषणाचं शेवटचं वाक्य मी दोन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. "आज हा माईक शेवटचा हातात घेताना मला एवढंच सांगायचं आहे, की या सभागृहातलं प्रत्येक मूल माझं होतं." न्हाणीघरात म्हणून बघितलं होतं. 'माझं होतं' म्हणताना आवाज जरा कापवायचा हेही ठरलं होतं. साडीसुद्धा घेतलेली, मोरपंखी रंगाची. आता ते वाक्य कुठे नेऊन घालू?

आणि भाग्यलक्ष्मी म्हणजे कोण? चौदा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. नदीकाठच्या घरातली, दोन वेण्या, डब्यात रोज पाव आणि उसळ. मराठी अशी लिहायची की वाचताना मला माझंच वाईट वाटावं. मी तिच्यावर किती आशा ठेवली होती! आणि तिसऱ्या वर्षाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाईसाहेब इंग्रजी घेऊन मोकळ्या. एका शब्दानं विचारलं नाही, सांगितलं नाही. मी ते विसरले नव्हते. फितूर म्हणायचे मी तिला मनात. आता त्याच फितुराला मराठीचा माईक! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

समारंभाला आठ दिवस राहिले तेव्हा ती आली. हातात चार कागद.

"मॅडम, स्वागताचं लिवलंय. एकदा नजर घालशात?"

"तुला कशाला माझी नजर? तू आता मोठी झालीस."

"असं काय म्हणताय मॅडम? तुम्ही तपासल्याशिवाय मी उभीच राहणार नाही."

नरमाई बघा! मला वाटलं, हा खोचून बोलण्याचाच एक प्रकार असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कागद ठेवून घेतले आणि ती गेल्यावर लाल पेन काढलं.

वाचायला लागले आणि पोटात दुखायला लागलं. चांगलं होतं हो! माझ्या भाषणात दरवर्षी ज्ञानगंगा यायची, यशाची शिखरं यायची, पंखांत बळ यायचं. मुलांना ते इतकं पाठ होतं की मागच्या रांगा माझ्याबरोबर ओठ हलवायच्या. मला ते कौतुक वाटायचं. हिनं गंगा आणली नव्हती. हिनं लिहिलं होतं, "समोर बसलेल्या आयांनो, ह्या पोरांचे डबे तुम्ही भरलेत. आज आम्ही त्यांना जो कागद देणार आहोत, त्याच्यावर तुमचं नाव छापलेलं नाही. ते आमच्याकडून राहून गेलंय." एवढंच. मी ते तीनदा वाचलं. आपल्याला बावीस वर्षांत हे का सुचलं नाही, म्हणून स्वतःचाच राग आला, आणि तो राग तिच्यावर काढायला दुसऱ्या पानावर जागा मिळाली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "आजचे आमचे प्रमुख सोयरे डॉक्टर आठल्ये..."

प्रमुख सोयरे! आमच्या गोव्यात घरी आलेल्या पाहुण्याला सोयरो म्हणतात, कोकणीत अगदी रीतसर. पण मराठीत सोयरा म्हणजे लग्नसंबंधातला नातेवाईक. व्याही, मेहुणा, जावई. समारंभाचा प्रमुख पाहुणा प्रमुख सोयरा कसा होईल? तो काय कॉलेजची मुलगी करून घेणार होता? आणि हे आठल्ये कोण, तर पुण्याचे. शुद्धलेखनावर दर आठवड्याला वर्तमानपत्रात लिहिणारे. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली तरी दुकानदाराची अब्रू काढणारे. त्यांच्या तोंडावर ही त्यांना सोयरे म्हणणार!

माझं लाल पेन त्या शब्दापर्यंत गेलं. टोक टेकलंसुद्धा. आणि मी ते उचललं.

म्हटलं, म्हण. खुशाल म्हण. नवीन आवाज हवा ना मॅनेजमेंटला? ऐकू दे.

पण नुसतं तसंच परत दिलं असतं तर न वाचल्यासारखं दिसलं असतं. म्हणून मी बाकीचं भाषण कसोशीनं तपासलं. चार ऱ्हस्व-दीर्घ, दोन अनुस्वार, एक स्वल्पविराम. सात लाल खुणा केल्या आणि सोयऱ्यांना सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात दिले तेव्हा तिनं तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली. दुसऱ्या पानावर जरा थांबली. मग तिनं वर बघितलं, डोळे भरलेले.

"एवढंच, मॅडम?"

"एवढंच. छान आहे."

ती वाकून पाया पडली. मी आशीर्वाद दिला. काय तोंडानं दिला, ते देवच जाणे.

समारंभाच्या दिवशी मी मोरपंखी साडीच नेसले. घेतली होती ना! गाडी फाटकातून आत येताना मीच आधी बघितली आणि शिपाई कृष्णनाथाला हाक मारली, "कृष्णनाथा, धाव रे, सोयरे इले!" तोंडातून गेल्यावर जीभ चावली. पण ते घरातलं बोलणं. घरातलं वेगळं, स्टेजवरचं वेगळं, हेच तर मी तीस वर्षं शिकवत आले.

पुढच्या रांगेत माझ्यासाठी कागद चिकटवलेली खुर्ची होती. त्या खुर्चीवरून स्टेज इतकं उंच दिसतं हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. भाग्यलक्ष्मी साधी निळी सुती साडी नेसून माईकपाशी आली. तिनं तो हातानं जरा खाली केला. माझ्या उंचीला लावलेला होता तो.

तिनं सुरुवात केली आणि सभागृह गप्प झालं. माझ्या वेळी काय व्हायचं, मुलं ओठ हलवायची आणि आईबाप पंख्याकडे बघायचे. आज एक आई पदराआड तोंड धरून बसली होती. एक ड्रायव्हर बाप, इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. मी एकेक वाक्य ओळखत होते आणि मनात म्हणत होते, चल गो, पुढे चल, दुसऱ्या पानावर ये. असं वाईट मन माझं आधी कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगू? त्यात एक मजाही होती.

"आजचे आमचे प्रमुख सोयरे," भाग्यलक्ष्मी म्हणाली, स्वच्छ, मोठ्यानं, "डॉक्टर आठल्ये."

आठल्यांनी मान वर केली. चष्मा नाकावर सरकवला, खिशातून पेन काढलं आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर काहीतरी टिपलं. झालं! आता हा माणूस भाषणात तिची सालटी काढणार.

शेवटी ती म्हणाली, "हे भाषण आमच्या परबमॅडमनी शब्द न् शब्द तपासून दिलंय. चुकलं असेल ते माझं, बरोबर असेल ते त्यांचं." आणि टाळ्या. मागून शिट्टीसुद्धा. पदवीदानात शिट्टी!

आठल्ये बोलायला उभे राहिले. पहिलंच वाक्य, "मघाशी मला सोयरे म्हटलं गेलं." मी पदर मुठीत धरला.

"मी चाळीस वर्षं प्रमुख पाहुणा होत आलोय," ते म्हणाले. "पाहुणा म्हणजे काय, तर शाल घेतो, चहा पितो, जातो. आज पहिल्यांदा मला कोणी सोयरा केलं. सोयऱ्याला जाता येत नाही हो! सोयऱ्यानं नातं जोडलेलं असतं." लोक हसले. "तुमच्याकडे हा शब्द घरी आलेल्या प्रत्येकाला लावतात, हे मला ठाऊक आहे. पण तो घरातच राहतो. स्टेजवर आला की मराठीचा शिक्षक लाल पेनानं त्याला उडवतो. मीही उडवला असता. म्हणून मला विचारायचं आहे, ज्यांनी तो तपासून, जाणून ठेवला, त्या परबबाई कोण? कृपा करून उभ्या राहा."

देवा रे! मी उभी राहिले. काय करणार? मोरपंखी साडीत, पाचशे माणसांसमोर. टाळ्या वाजायला लागल्या त्या थांबेचनात. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. ज्या मुलांनी माझ्या ज्ञानगंगेला ओठ हलवले ती मुलं. बावीस वर्षांत माझ्या वाट्याला एवढ्या टाळ्या आल्या नव्हत्या, आणि आल्या त्या माझ्या हलकटपणाला.

"दोन शब्द बोला, बाई," आठल्ये म्हणाले. कृष्णनाथानं धावत येऊन माईक माझ्या हातात दिला.

माईक हातात होता. शेवटचा. ते वाक्य तोंडाशी तयार होतं, न्हाणीघरात घोटलेलं. 'या सभागृहातलं प्रत्येक मूल माझं होतं.' मी स्टेजवर बघितलं. भाग्यलक्ष्मी टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून, लहान मुलीसारखी.

"बसते मी," म्हटलं आणि माईक परत दिला. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. आणखी टाळ्या.

चहापानाला मी गेले नाही. स्टाफरूममध्ये येऊन चपला काढून बसले. थोड्या वेळानं भाग्यलक्ष्मी आलीच, बशीत दोन सामोसे आणि काखेत ते चार कागद.

"मॅडम, तुमच्यासाठी आणले. खाली संपत आले."

"ठेव."

ती समोरच्या कदेलावर बसली. "मॅडम, एक सांगू? तो शब्द मी मुद्दाम लिवलेला. भीत भीत. तुम्ही खोडला तर पाहुणे करायचं ठरवलेलं."

"मुद्दाम? का गो?"

"तुम्हांला आठवत नसेल. पहिल्या वर्षाला मी निबंध लिहिलेला, नार्वेची अष्टमी. त्यात लिहिलेलं, अष्टमीला आमच्या घरी खूप सोयरे येतात. तुम्ही सोयरेवर लाल गोल केलात, दोन गुण कापलेत आणि बाजूला लिवलंत, 'हे मराठी नव्हे.'"

मला खरंच आठवत नव्हतं. तीस वर्षांत हजारो पेपर तपासले, त्यांतला कुठला कोण लक्षात ठेवतो?

"मी घरी जाऊन आईला म्हटलं, आई, आपण बोलतो ते मराठी नव्हे. ती म्हणाली, मग काय गो बाय?" भाग्यलक्ष्मी हसत होती. "त्यानंतर मला मराठीत एक ओळ लिहायचा धीर होईना. प्रत्येक शब्दाला वाटायचं, हा घरातला तर नव्हे? म्हणून तर तिसऱ्या वर्षाला इंग्रजी घेतलं, मॅडम. म्हटलं, तिथे निदान सगळेच शब्द परके. आपला कुठला, त्यांचा कुठला, बघायला नको."

बारा वर्षं मी हिला फितूर म्हणत होते.

"आणि ह्या वेळी तुम्ही तो ठेवलात," ती म्हणाली. "दुसरं पान उलटलं आणि बघितलं, गोल नाही. मला रात्रभर झोप आली नाही, मॅडम. आईला सांगितलं, ते मराठी आसा गो, मॅडमनी ठेवलं."

आता गप्प राहिले असते तर मी माणूसच नव्हते.

"भाग्यलक्ष्मी," मी म्हटलं, "नीट ऐक. मी तो पटला म्हणून ठेवला नाही. चूक म्हणूनच ठेवला. आठल्यांसमोर तुझं हसं व्हावं म्हणून. माझं भाषण तू घेतलंस, मला राग आला होता. जळत होते मी. डिसेंबरापासून जळत होते."

ती खळखळून हसली.

"तुम्ही पण ना, मॅडम! कोणी कौतुक केलं की तुम्हांला काहीतरी असंच सुचतं. वर्गातसुद्धा असंच करायचात."

"अगो, मी खरं सांगते!"

"बरं, बरं. आधी सामोसा खा, गार होतो." आणि ते चार कागद माझ्यासमोर ठेवले. "सही करा. मी हे जपून ठेवणार. आणि हो, ते कापलेले दोन गुण परत द्या मला."

मी लाल पेन काढलं. दुसऱ्या पानावर 'सोयरे'भोवती गोल केला, हाताची सवय. बाजूला लिहिलं, 'हे मराठी'. हात आपोआप पुढचा 'न' काढायला निघाला होता, त्याला आवरलं. तिथेच पूर्णविराम दिला, खाली अधिक दोन लिहिले आणि सही केली. भाग्यलक्ष्मीनं कागद उचलला, वाचला आणि पोरगी रडायला लागली. मी सामोसा खाल्ला. गार झाला होता.

तिला मी दोन गुण कापले नसते तर ती मराठीतच राहिली असती. माझ्या शेजारच्या टेबलाशी बसली असती. आणि एवढी हुशार मुलगी शेजारी असती, तर पाच वर्षांपूर्वीच मी आपणहून तो माईक तिच्या हातात दिला असता.

नसता दिला. आता खोटं कशाला बोलू!